घोड्याला औषध पाजण्याची रीत

घोडा श्वास घेतो तो फक्त नाकाने. त्याच्या टाळूचा मागचा मऊ भाग लांब असून स्वरयंत्राच्या झाकणीखाली बसलेला असतो, त्यामुळे एरवी तोंडाचा आणि श्वासनलिकेचा संबंध येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूही इतका घट्ट असतो की घोड्याला सहसा ओकारी होत नाही. पातळ औषध पाजताना माणसाने केलेल्या चुका आणि शोधलेल्या युक्त्या बहुतेक याच दोन गोष्टींतून आलेल्या आहेत.

जुने साधन म्हणजे शिंग. रोमन कवी व्हर्जिल याच्या ‘जॉर्जिक्स’ या इ.स.पू. 29 च्या सुमाराच्या शेतीविषयक काव्यात साथीत सापडलेल्या घोड्याच्या तोंडात शिंग घालून द्राक्षाची दारू ओतल्याचे वर्णन आहे. आधी गुण आला, मग तेच जिवावर उठले. बैलाचे पोकळ शिंग तिरपे कापून केलेले हे साधन युरोपातील तबेल्यांत एकोणिसाव्या शतकातही वापरात होते. काचेची बाटली आली तेव्हा ती दाढांखाली फुटू नये म्हणून तिच्या गळ्याला चामडे किंवा कापड गुंडाळत.

पाजायला दोन माणसे लागत. वरच्या जबड्याला दोरीचा फास घालून दोरी तुळईवरून घेत आणि घोड्याचे तोंड वर उचलून धरत. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये, जिथे लगामाची कडी बसते, तिथे मोकळी जागा असते. तिथून शिंगाचे तोंड आत सरकवून औषध घोट घोट सोडत. पोटशूळ उठलेल्या घोड्याला जवसाच्या तेलात कालवून टर्पेंटाइन देत, कारण नुसते टर्पेंटाइन तोंड आणि घसा पोळते. घोडा खोकला की हात थांबवून त्याची मान तत्काळ खाली सोडायची, हा नियम साऱ्या औषधांहून मोलाचा होता. तो न पाळता जीभ ओढून धरणारे, घसा दाबून गिळायला लावणारे लोक औषध थेट फुप्फुसात घालत. मग पोटदुखी बरी झालेला घोडा न्यूमोनियाने मरे. तेलाची बाधा तर विशेष वाईट, कारण फुप्फुसात उतरलेले तेल सहजी बाहेर निघत नाही.

हिंदुस्थानात घोड्यांचे वैद्य म्हणजे सालोत्री. इथे गूळ, पीठ आणि मसाला कालवून केलेले औषधाचे गोळे चारण्याची चाल होती. गोळा गिळताना श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी, म्हणून ही चाल शहाणपणाची म्हणावी लागेल. मुंबईत परळला 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेले पशुवैद्य तिथून बाहेर पडू लागले.

खरी सुधारणा नाकावाटे जठरात घालायच्या नळीने केली. विसाव्या शतकात ती रूढ झाली. तेल लावलेली नळी नाकपुडीच्या तळाशी धरून हळूहळू आत सरकवतात. घशाशी पोचली की थांबून घोड्याने गिळण्याची वाट पाहतात, आणि तो गिळतो त्याच क्षणी पुढे ढकलतात. अन्ननलिकेत गेलेली नळी मानेच्या डाव्या बाजूला कातड्याखाली सरकताना दिसते. जठरात पोचल्यावर आंबूस वास येतो. या खुणा पटल्याशिवाय औषध ओतायचे नाही. काढताना टोक बंद धरतात, नाहीतर नळीत उरलेले थेंब श्वासनलिकेत गळतात. ही नळी उलट्या दिशेनेही उपयोगी पडते. घोड्याचे जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचे असते. त्यात वायू आणि पाणी साचले तर ओकारीची सोय नसल्याने ते फुटू शकते. नळीने ते बाहेर काढून असंख्य घोडे वाचले आहेत.

जंतांचे औषधही बराच काळ नळीनेच द्यावे लागे. आयव्हरमेक्टिन 1981 मध्ये बाजारात आले आणि पुढे ते पेस्टच्या पिचकारीतून मिळू लागले. आता घोड्याच्या तोंडातला चारा काढून पेस्ट जिभेच्या मुळाशी ठेवली की काम होते आणि ते मालकालाही जमते. पोटशूळात भरपूर तेल किंवा पाणी द्यायचे असेल तेव्हा मात्र पशुवैद्य अजूनही नळीच वापरतो.