नेत्रावळकर, सौरभ
(१६ ऑक्टोबर १९९१– ). भारतात जन्मलेले अमेरिकन क्रिकेटपटू. डावखुरे मध्यमगती गोलंदाज. जन्म मुंबईत. २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात ते भारताकडून के. एल. राहुल व जयदेव उनाडकट यांच्यासोबत खेळले. २०१३ मध्ये मुंबईतर्फे रणजी पदार्पण केले. मात्र संघात जम बसला नाही. २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ते अमेरिकेस गेले. पुढे ओरॅकल कंपनीतील नोकरी सांभाळून अमेरिकेच्या संघाचे कर्णधारपदही भूषविले. २०२४ च्या टी-२० विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धचा सामना बरोबरीत सुटल्यावर सुपर ओव्हरमध्ये १८ धावा राखताना त्यांनी केवळ १३ दिल्या. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर, तर रोहित शर्माला ३ धावांवर बाद केले. सामना मात्र भारताने जिंकला.