श्रीरामपूरची आग व ईश्वराची सत्ता

ईश्वराच्या इच्छेवर भार टाकून राहणें ही वृत्ति आमच्या देशांत कोणास नव्यानें शिकवावी लागत नाहीं. हरीच्छा, प्रारब्ध, नशीब हे शब्द घरोघरीं जन्मापासून मरणापर्यंत ऐकूं येतात. त्यामुळें ख्रिस्ती धर्मशास्त्रांत ईश्वराचें सार्वभौमत्व म्हणून जो सिद्धांत सांगितला आहे, तो म्हणजे आपला प्रारब्धवादच दुसऱ्या पोशाखांत, असा पुष्कळांचा समज होतो. खेदाची गोष्ट ही कीं, कित्येक ख्रिस्ती कुटुंबांतही तो सिद्धांत त्याच अर्थानें वापरला जातो. मूल दगावलें किंवा पीक बुडालें, कीं प्रभूची इच्छा म्हणून मान खालीं घालावयाची व पुढें कांहीं विचारावयाचें नाहीं. परंतु जगाचा कारभार ईश्वराच्या हातीं आहे असें मानणाऱ्यानें स्वतःच्या हातांचें काय करावें, हा प्रश्न त्यामुळें तसाच राहतो.

हा प्रश्न नुसत्या तत्त्वचर्चेनें सुटणारा नव्हे. ज्यांनीं तो सिद्धांत आयुष्यभर उराशीं बाळगला व ज्यांस त्याची किंमत द्यावी लागली, अशा एखाद्या माणसाच्या चरित्रांत त्याचें उत्तर पाहावें हें बरें. या कामीं आम्हीं डॉ. विल्यम कॅरी यांचें चरित्र निवडलें आहे. मराठी वाचकांस ते अगदींच परके नाहींत. बंगालमधील श्रीरामपूर येथील छापखान्यांतून १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मोडी अक्षरांत छापलेला मराठी शब्दांचा कोश त्यांनीं प्रसिद्ध केला. या कामांत वैजनाथ शास्त्री या मराठी पंडितांचें त्यांस साहाय्य होतें.

कॅरी यांचा जन्म १७६१ सालीं इंग्लंडांतील नॉर्थँप्टनशर परगण्यांत झाला. धंद्यानें ते जोडे शिवणारे. ज्या बाप्टिस्ट मंडळ्यांत ते पुढें सामील झाले, त्यांत कॅल्विनची शिकवण प्रमाण मानीत. मनुष्याचें तारण सर्वस्वीं ईश्वराच्या कृपेनें व निवडीनें होतें, त्यांत मनुष्याच्या पराक्रमास वाव नाहीं, हें त्या शिकवणीचें सार. मूळच्या विचारांत नम्रता होती; परंतु अठराव्या शतकांत कित्येक पाळकांनीं त्यांतून भलतेंच अनुमान काढलें होतें. तारण जर ईश्वरच करणार, तर परदेशांतील लोकांस उपदेश करण्याची उठाठेव आपण कशास करावी, असें ते म्हणत. तरुण कॅरी यांनीं पाळकांच्या सभेंत हा विषय काढला, तेव्हां थोरले रायलंड यांनीं त्यांस दटावून खालीं बसविलें व ईश्वराच्या मनांत येईल तेव्हां तो तुमच्यावांचून हें काम उरकील असें बजाविलें, अशी आख्यायिका आहे. रायलंड यांच्या मुलानें पुढें ती खरी मानली नाहीं. ती अक्षरशः खरी नसली, तरी त्या काळची एक मनोवृत्ति तींत अचूक उतरली आहे.

कॅरी यांचें उत्तर १७९२ सालीं छापून निघालें. तो एक लहानसा प्रबंध होता. परधर्मीयांच्या उद्धारासाठीं साधनें योजण्याचें ख्रिस्ती लोकांचें कर्तव्य, हा त्याचा विषय. या मथळ्यांतील ‘साधनें’ हा शब्द आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. कॅरी यांनीं ईश्वराची सत्ता कोठेंही नाकारली नाहीं. उलट, ती खरी आहे म्हणूनच साधनें योजण्यांत अर्थ आहे, असें त्यांचें म्हणणें. त्या प्रबंधांत देशोदेशींचें क्षेत्रफळ, लोकसंख्या व धर्म यांचीं कोष्टकें दिलेलीं आहेत. ईश्वरावर भिस्त ठेवणाऱ्या माणसानें कोष्टकें मांडावींत हें ज्यांस विसंगत वाटेल, त्यांनीं प्रेषितांच्या कृत्यांतील पौलाच्या जलप्रवासाचा सत्ताविसावा अध्याय पुन्हा वाचावा. गलबतावरील एकही जीव जाणार नाहीं असें ईश्वराचें आश्वासन पौलास मिळालें होतें. तरी खलाशी होडी सोडून पळूं लागले, तेव्हां हे गेले तर तुम्ही वांचणार नाहीं असें त्यानेंच शिपायांस सांगितलें. आश्वासन आणि खलाशी या दोहोंची गरज त्यास सारखीच वाटली.

१७९३ च्या नोव्हेंबरांत कॅरी बंगालमध्यें पोहोंचले. आरंभीचीं वर्षें हालांत गेलीं. १८०० च्या आरंभीं ते श्रीरामपुरास आले. तें गांव त्या वेळीं डेन्मार्कच्या अमलाखालीं होतें. तेथें मार्शमन व वॉर्ड या सोबत्यांसह त्यांनीं छापखाना घातला. पुढें कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली, संस्कृत व मराठी शिकविण्याचें काम त्यांजकडे आलें. बारा वर्षांत छापखान्याची इमारत दोनशें फूट लांबीची झाली. पंचानन कर्मकार व त्यांचे जांवई मनोहर या कारागिरांनीं कोरलेल्या व ओतलेल्या टायपांनीं तेथें अनेक भाषांचीं पुस्तकें छापलीं जाऊं लागलीं.

ता. ११ मार्च १८१२, बुधवारीं संध्याकाळीं वॉर्ड हिशेब पाहत बसले असतां त्यांस धुराचा वास आला. कागदांच्या ढिगांस आग लागली होती. वॉर्ड यांनीं दारें-खिडक्या लावून घेतल्या व छपरास भोंक पाडून वरून पाणी ओतविण्यास आरंभ केला. कांहीं तास आग कोंडून राहिली. इतक्यांत कोणीं तरी एक खिडकी उघडली, वारा आंत शिरला आणि सर्व इमारत पेटली. मध्यरात्रीं छप्पर कोसळलें. चौदा भाषांचे टाईप, इंग्लंडाहून आलेला कागद आणि मौल्यवान हस्तलिखितें जळालीं. मनुष्यहानि मात्र झाली नाहीं. छापण्याचीं यंत्रें वांचलीं, आणि टाईप पाडण्याचे पोलादी ठसे व सांचे दुसरीकडे होते, तेही वांचले. नुकसानीचा अंदाज सुमारें दहा हजार पौंडांचा होता.

कॅरी त्या दिवशीं कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मार्शमन यांनीं जाऊन त्यांस वार्ता सांगितली. संध्याकाळीं धुमसत्या राखेंतून फिरतांना त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें. पुढच्या रविवारीं त्यांनीं उपदेशासाठीं शेहेचाळिसाव्या स्तोत्राचें दहावें वचन घेतलें. स्वस्थ राहून ईश्वराचें ईश्वरपण ओळखावें, असा त्याचा आशय आहे. त्यावर त्यांनीं दोन मुद्दे मांडले. एक, आपलें काय करावें हें ठरविण्याचा पूर्ण अधिकार ईश्वरास आहे. दुसरा, तो आपलें जें करील त्यास आपण मनापासून मान्यता द्यावी.

केवळ हे शब्दच पाहिले, तर त्यांत व आमच्या हरीच्छेंत फारसा भेद दिसत नाहीं. भेद दिसतो तो त्या आठवड्यांतील कामांत. राख थंड होण्यापूर्वींच वॉर्ड यांनीं वितळलेलें शिसें गोळा करविलें. जवळच एक मोठी वखार नुकतीच रिकामी झाली होती, ती घेतली. ओतारी पाळीपाळीनें बसले व कांहीं आठवड्यांतच एकामागून एक भाषेचा टाईप पुन्हा तयार होऊं लागला. पंडितांस परत भाषांतरास बसविण्यांत आलें. एकदां तुडविलेली वाट दुसऱ्या खेपेस सोपी जाते, अशा अर्थाचें कॅरी यांनीं लिहिलें. इंग्लंडांत त्यांचे मित्र अँड्र्यू फुलर यांनीं सुमारें दोन महिन्यांत दहा हजार पौंड जमविले. ज्यास आपण स्वस्थता म्हणतों, ती येथें हात थांबण्याची नव्हती. ईश्वरानें अन्याय केला ही तक्रार मनांतून गेली, एवढीच ती स्वस्थता. आणि ती गेल्यामुळें हात मोकळे झाले.

ही हकीकत उपदेशांत सांगतांना बहुधा येथेंच थांबतात. जळालें तें सर्व दुणावून परत मिळालें, म्हणून विश्वास ठेवा, असा बोध काढतात. आम्हांस हा बोध खरा वाटत नाहीं. संस्कृतास मूळ धरून अनेक भारतीय भाषांचा जो मोठा कोश कॅरी रचीत होते, तो पुढें कधीं प्रसिद्ध झाला नाहीं. रामायणाच्या इंग्रजी भाषांतराचे तीन भाग निघाले होते. पुढील हस्तलिखित जळालें, तें काम पुन्हा हातीं घेतलें गेलें नाहीं. मराठीपुरतें पाहिलें, तर आगीनंतरही श्रीरामपुराहून ‘सिंहासन बत्तिशी’ व ‘हितोपदेश’ निघाले, जुन्या कराराचें भाषांतर पुरें झालें. परंतु १८११ सालीं छापलेला जो मराठी नवा करार आगीच्या आधींच बाहेर पडला होता, तो वाचकांच्या कसोटीस उतरला नाहीं. बंगालांत बसून केलेली ती मराठी मुंबईकडे चालेना. १८१३ सालीं मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं नवें भाषांतर हातीं घेतलें व १८२६ सालीं नवा करार छापला. जें आगींतून सुटलें तेंही टिकलें नाहीं, असें येथें म्हणावें लागतें. ईश्वराच्या सत्तेवरील विश्वास हा नुकसानभरपाईचा करार नव्हे. आपलें काम त्याला दिलें म्हणजे तें जाळण्याचा, बाजूस ठेवण्याचा व दुसऱ्याच्या हातून नव्यानें करविण्याचाही अधिकार दिला, हें कबूल करणें म्हणजे तो विश्वास.

येथपर्यंत कॅरी यांचा आदर्श आम्हांस निःशंक वाटतो. परंतु त्यांच्या घरांत एक दुसरी हकीकत चालू होती, ती गाळून या विषयावर लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्यांची पत्नी डोरोथी हिला हिंदुस्थानांत येण्याची इच्छा नव्हती. ती गरोदर असतां कॅरी थोरल्या मुलास घेऊन एकटेच निघाले होते. तें जहाज चुकलें, दिवस लांबले, इकडे ती बाळंत झाली. तेव्हां तिच्यापुढें पुन्हा आग्रह धरण्यांत आला, व बहीण सोबत येत असेल तर येतें, असें म्हणून ती निघाली. १७९४ सालीं पांच वर्षांचा पीटर बंगालमध्यें आमांशानें वारला. त्यानंतर लौकरच डोरोथीची बुद्धि भ्रमली, ती पुन्हा कधीं सांवरली नाहीं. १८०० च्या डिसेंबरांत कृष्ण पाल या त्यांच्या मिशनच्या पहिल्या बंगाली ख्रिस्ती गृहस्थाचा हुगळींत बाप्तिस्मा झाला, त्या आनंदाच्या दिवशीं ती एका खोलींत कोंडलेली होती. १८०७ सालीं ती मरण पावली.

कॅरी निर्दय नव्हते. वेड्या माणसांस इस्पितळांत टाकण्याची त्या काळीं रीत असतां त्यांनीं तिला घरींच संभाळलें. तरी प्रश्न उरतो. छापखाना जळाला तेव्हां ईश्वराच्या अधिकारास मान्यता देणारा व ज्याचें जळालें तो, हे एकच होते. डोरोथीच्या बाबतींत तसें नव्हतें. ईश्वराची आज्ञा कॅरी यांनीं ऐकली, पण तिचा भार दुसऱ्या जिवावर पडला, आणि त्या जिवाचा होकार मनापासूनचा होता असें म्हणतां येत नाहीं. ईश्वरास आपल्यावर पूर्ण अधिकार आहे यावरून आपल्यास दुसऱ्यावर तसा अधिकार आहे, हें सिद्ध होत नाहीं. खरें पाहतां उलट सिद्ध होतें. धनी एकच असला, तर पति, पाळक किंवा मंडळी यांनीं त्याच्या आसनावर बसण्याचें कारण नाहीं.

आपल्या मंडळ्यांतून या सिद्धांताचा जो गैरवापर होतो, तो बहुतेक याच ठिकाणीं होतो. विधवेस, आजाऱ्यास, कर्जांत बुडालेल्यास आपण प्रभूची इच्छा सांगतों, आणि ती सांगून त्याच्या दाराबाहेर पडतों. कॅरी यांनीं तो उपदेश राखेच्या शेजारीं उभें राहून केला, आणि ती राख त्यांची स्वतःची होती. म्हणून त्यांस तो शोभला. ज्याचें कांहीं जळालें नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या राखेपुढें तें वचन उच्चारण्याआधीं निदान शिसें वेंचावयास बसावें.

कॅरी १८३४ च्या जूनमध्यें श्रीरामपुरासच वारले. थडग्यावर आपलें नांव, जन्ममृत्यूच्या तारखा व ईश्वराच्या हातीं पडणाऱ्या दीन जीवाविषयींच्या एका गीताच्या दोनच ओळी असाव्यात, असें त्यांनीं सांगून ठेविलें होतें. इतक्या भाषांचीं व्याकरणें लिहिणाऱ्या त्या पुरुषानें ईश्वराच्या सत्तेविषयीं जें शेवटचें म्हणावयाचें तें प्रथमपुरुषीं एकवचनींच म्हटलें. त्या सिद्धांताचें खरें व्याकरणही तेवढेंच आहे, असें आम्हांस वाटतें.