शेणॉय यांची भिन्नमतपत्रिका आणि सरकारचा जमाखर्च

एप्रिल १९५५मध्ये नियोजन आयोगाच्या अर्थतज्ज्ञ मंडळाने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यावर आपले निवेदन दिले. मंडळाचे अध्यक्ष होते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. सभासदांत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्यासह देशातले वीसएक नामवंत अर्थशास्त्रज्ञ होते. एकट्याने वेगळी वाट धरली ती अहमदाबादच्या गुजरात युनिव्हर्सिटीचे प्रा. बी. आर. शेणॉय यांनी. त्यांची भिन्नमतपत्रिका उपलब्ध आहे. खुल्या बाजारपेठेचे समर्थक तिचा आज भविष्यवाणीसारखा हवाला देतात, आणि नियोजनाचे कैवारी तिला हटवादी म्हणून बाजूला सारतात. दोन्ही पक्ष ती सरकारच्याच पुढच्या कागदांशेजारी ठेवून क्वचितच वाचतात.

पत्रिकेतला मूळ मुद्दा साधा आहे. विकासाचा वेग देशातली बचत ठरवते. तूट भरून काढायला नवा पैसा छापला तर त्याने सिमेंट, पोलाद किंवा धान्य वाढत नाही. असलेल्या मालावरचे हक्क तेवढे वाढतात. मग भाव चढतात, भाव दाबायला नियंत्रणे येतात, आणि एका नियंत्रणाच्या रक्षणासाठी दुसरे लागते. हा मार्ग शेवटी लोकशाही संस्थांनाही जाचेल, असा इशारा शेणॉय यांनी दिला होता. राष्ट्रीयीकरणाची व्याप्ती वाढवण्यालाही त्यांचा विरोध होता.

१९५६मध्ये मंजूर झालेल्या योजनेत सरकारी खर्चाचा आकडा होता ४,८०० कोटी रुपये. त्यातले १,२०० कोटी तुटीच्या अर्थकारणातून, ८०० कोटी परदेशी मदतीतून, आणि ४०० कोटी कुठून येणार हे ठरलेलेच नव्हते. म्हणजे निम्मा खर्च असा, की ज्याच्यामागे देशातला कर किंवा बचत उभी नव्हती. हा हिशेब कुणा टीकाकाराचा नव्हे, योजनेच्याच दस्तऐवजातला आहे.

यानंतरचा कागद मला सर्वांत बोलका वाटतो, तो म्हणजे रिझर्व्ह बँकेचा कायदा. १९३४च्या मूळ कायद्याप्रमाणे नोटांमागे किमान ४० टक्के सोने आणि विदेशी रोखे ठेवावे लागत. ऑक्टोबर १९५६मध्ये हे प्रमाणच गेले आणि त्याजागी ठोक रक्कम आली: ११५ कोटींचे सोने आणि ४०० कोटींचे विदेशी रोखे. सोने वाढले नव्हते; त्याच सोन्याची पुस्तकी किंमत सुमारे ४० कोटींवरून सुमारे ११८ कोटींवर नेली होती. पुढे जेमतेम वर्ष उलटले तोच, ३१ ऑक्टोबर १९५७च्या अध्यादेशाने सोने व रोखे मिळून किमान रक्कम २०० कोटींवर आणली, त्यात ११५ कोटींचे सोने. कायद्याच्या भाषेत हळहळ नसते, पण परकीय चलन किती वेगाने संपत होते हे या दोन दुरुस्त्यांतून कुणालाही वाचता येते.

या घसरणीचे सगळे खापर तुटीवर फोडणे मात्र अन्यायाचे ठरेल. खासगी उद्योगांना दिलेले सढळ आयात परवाने, धान्याची आयात, संरक्षणखर्च आणि १९५६च्या अखेरीस सुवेझ कालवा बंद पडल्याने वाढलेले जहाजभाडे ही कारणेही खरीच होती.

मे १९५८च्या सुमारास नियोजन आयोगाने योजनेची फेरमांडणी केली. तिचे आकडे मी पुनःपुन्हा पडताळले. उद्योग व खनिजे यांची तरतूद ६९० कोटींवरून ८८० कोटींवर गेली. या १९० कोटींनी नवे कारखाने निघाले नाहीत. आधीच ठरलेली कामे, विशेषतः पोलाद प्रकल्प, महाग झाली होती. एकूण बेरीज ४,८०० कोटीच राखायची असल्याने हे १९० कोटी इतर सदरांतून निघाले. पाटबंधारे व वीज यांतून ५३, वाहतुकीतून ४०, संकीर्णातून १५, आणि सामाजिक सेवांतून ८२ कोटी. सर्वांत मोठा घास याच सदरातून, जिथे शाळा, दवाखाने आणि घरबांधणी होती. पुढे मर्यादा ४,५०० कोटींवर उतरली तेव्हा सामाजिक सेवांना उरले ८१०. मूळ ९४५ कोटींपैकी सातवा हिस्सा गेला. उद्योगांचे सदर ७९० कोटींवर, म्हणजे मूळ तरतुदीपेक्षा १०० कोटींनी वरच राहिले.

मूळ आराखड्यात आरोग्यासाठी २७४ कोटी होते. एवढ्या पैशात खेडोपाडी प्राथमिक आरोग्य केंद्रे उभारायची होती, परिचारिका आणि सुइणी शिकवायच्या होत्या. ज्या खात्यामागे कारखान्यासारखा कंत्राटाचा रेटा नाही, परदेशी कराराचे बंधन नाही, तिथे कात्री सहज चालते. शेणॉय यांच्या युक्तिवादाचे खरे वजन मला इथे जाणवते. ऐपतीपलीकडच्या योजनेची किंमत भावातून चुकवावी लागते हे त्यांनी सांगितले होते. ती रांगेत सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या खात्यानेही चुकवली, हे आयोगाच्या तक्त्यात आहे.

तरी हे कागद दवाखाने बाजारावर सोपवा असे सांगत नाहीत. त्याच १९५८मध्ये राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. डासाला माझे घर आणि शेजाऱ्याचे घर यांतला भेद कळत नाही; गावभर फवारणीचे काम एकेका कुटुंबाने पैसे टाकून होणारे नव्हते. सरकारशिवाय जे होत नाही, त्यासाठी सरकारच्या गाठीशी पैसा उरायला हवा होता.

भावांच्या बाबतीत शेणॉय यांची भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी ठरली. दुसऱ्या योजनेच्या काळात घाऊक भाव सुमारे ३० टक्के वाढले. पहिल्या योजनेत ते उतरले होते. महागाईची झळ जबर होती, पण ती बेलगाम झाली नाही. तुटीचे अर्थकारणही १,२०० कोटींऐवजी ९५० कोटींच्या आसपास थांबले. ऑगस्ट १९५८मध्ये जागतिक बँकेने वॉशिंग्टनला मदत देणाऱ्या देशांची बैठक बोलावली, आणि ८०० कोटींचा अंदाज असलेली परदेशी मदत योजनाअखेर हजार कोटींच्या पुढे गेली.