आठातला एकच बुद्ध दाखवून भागेल का?

म्युझियममध्ये आपल्याला जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट आत कपाटांत असतं. मग वस्तू आलटून-पालटून मांडायच्या. आमच्या धंद्यातलं राउंड रॉबिनच म्हणा ना! जुन्या कापडाला, चित्रांना उजेड सोसत नाही, त्यामुळे तिथे ते लागतंच. कांस्याचा वैरी मात्र दमट हवा, आणि मुंबईत तिला काय तोटा..

पण काही मूर्तींना हा हिशोब लावू नये असं मला वाटतं. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा 'बुरुड राजाचा कोट' हा ढिगारा खणला. खाली स्तूप निघाला. त्यात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा! आत भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे. सोबत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं, म्हणजे साधारण दुसरं शतक. आणि करंड्याभोवती गोल बसवलेल्या आठ कांस्यमूर्ती पाहाव्यात तर आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे स्तूप मध्ये कधीतरी उघडून, मूर्ती ठेवून, पुन्हा बंद केलेला.

हे आठ कोण? विपस्सी, सिखी, वेस्सभू, ककुसंध, कोणागमन, कस्सप, गोतम हे सात होऊन गेलेले बुद्ध, आणि आठवा मैत्रेय, जो अजून यायचाय. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात दारावर हीच ओळ रंगवलीय. वेरूळच्या तीन ताल लेण्यात सात बुद्ध ओळीने बसलेत. तेव्हा मराठवाड्याला ही मंडळी काही परकी नाहीत.

यातली एकच मूर्ती काचेआड ठेवली तर पाटीवर काय येणार? 'बुद्ध, कांस्य.' संपलं. मागचे सात नसतील तर मैत्रेयाला अर्थच उरत नाही.

या मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. परभणीहून तिथे जायचं म्हणजे देवगिरी एक्सप्रेसची एक रात्र, आणि मजुरीचा दिवस बुडणार तो वेगळाच. आमच्याकडे विहारात रोज वंदना म्हणणाऱ्या आज्या आहेत. त्या वंदनेत होऊन गेलेल्या आणि पुढे होणाऱ्या बुद्धांनाही नमन असतं. त्यांच्यासाठी ही 'कलाकृती' नव्हे हो! मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाची 'म्युझियम ऑन व्हील्स' बस २०१५ मध्ये सुरू झाली, म्हणजे चाकांवर म्युझियम नेता येतं हे सिद्धच आहे. अस्सल मूर्ती प्रवासाला काढू नयेत, मान्य. प्रतिकृती आणा. पण आठच्या आठ आणा, आणि गोलात मांडा.