‘टँक १९९०’चे खरे साल कोणते? जुन्या खेळांच्या नोंदी कुठे आणि कशा ठेवाव्यात

१/ राहात्यापासून कोल्हापूरपर्यंत महाराष्ट्रातल्या लहान शहरांत १९९०च्या दशकात टीव्हीला जोडायचा जो ‘व्हिडिओ गेम’ पोहोचला, तो बहुतांशी निन्तेन्दो कंपनीच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ या जपानी यंत्राची नक्कल होता. त्याच्या कार्ट्रिजला मुले ‘कॅसेट’ म्हणत. वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असा आकडा मिरवे; आत मात्र मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत.

२/ अशा यादीत हमखास आढळणारा एक खेळ म्हणजे ‘टँक १९९०’. तो नामको कंपनीच्या ‘बॅटल सिटी’ या खेळात फेरफार करून तयार झालेला. मूळ खेळ १९८५चा. म्हणजे नावातील साल मूळ खेळाचे नव्हे. नकली कॅसेटींवरच्या अनेक खेळांच्या पहिल्या पडद्यावरून निर्मात्याचे नावही पुसलेले असे. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर साधन हाती आहे, पण त्यावरचा मजकूर विश्वासार्ह नाही.

३/ आज हे खेळ ‘एम्युलेटर’वर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात. खेळांची यादी, चित्रे, साल, निर्माता हे सारे दाखवणारा दर्शनी भाग म्हणजे ‘फ्रंटएंड’. खेळाविषयीची ही माहिती म्हणजे मेटाडेटा. ती ठेवायची कुठे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण कोणाची आठवण टिकेल, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

४/ पहिला पर्याय: माहिती खेळाच्या फाइलमध्येच ठेवणे. मरात फैझुलिन यांच्या ‘आयनेस’ या एम्युलेटरमुळे रूढ झालेल्या फाइलप्रकारात आरंभी १६ बाइटचे शीर्ष असते. त्यात स्मृतीचा आकार आणि कॅसेटमधील विद्युत्‌रचनेचा क्रमांक असतो. खेळाचे नाव, साल, निर्माता यांना तिथे जागाच नाही.

५/ शिवाय ही जागा सुरक्षितही राहिली नाही. एका जुन्या साधनाने त्या शीर्षातील रिकाम्या बाइटांत ‘डिस्कड्यूड!’ अशी स्वतःची मोहोर उमटवली. पुढे त्याच बाइटांपैकी एकाला अर्थ प्राप्त झाला आणि त्या मोहोरेमुळे विद्युत्‌रचनेचा क्रमांक चुकीचा वाचला जाऊ लागला. मूळ दस्तऐवजाच्या समासात शेरे लिहू नयेत, हा अभिलेखागाराचा नियम इथे अनुभवातून सिद्ध झाला.

६/ दुसरा पर्याय: माहिती फाइलच्या नावात ठेवणे. ‘गुडनेस’ या सूचीने नावापुढे चौकटी कंसात खुणा जोडल्या. [!] म्हणजे पडताळलेली प्रत, इंग्रजी ‘पी’ हे अक्षर म्हणजे चोरटी प्रत. महाराष्ट्रातल्या मुलांनी खेळलेले कितीतरी खेळ याच शेवटच्या खुणेखाली येतात. पण नाव कोणीही बदलू शकतो, आणि नावाबरोबर सगळी माहिती जाते.

७/ तिसरा पर्याय: शेजारी वेगळी सूची ठेवणे. ‘एम्युलेशनस्टेशन’ प्रत्येक यंत्रासाठी ‘गेमलिस्ट’ नावाची एक्सएमएल फाइल ठेवते. तीत नाव, वर्णन, साल, निर्माता असतात. ती डोळ्यांनी वाचता येते, हाताने सुधारता येते, नकलून ठेवता येते. पण नोंदीची ओळख म्हणजे फाइलचा पत्ता. फाइल हलवली की नोंद पोरकी होते.

८/ दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. तिथे एका फाइलमागे एकच नोंद असते. ‘९९९९ इन १’ची अख्खी कॅसेट म्हणजे एकच फाइल, आतले खेळ वेगवेगळे नोंदवायचे कुठे? शिवाय खेळ किती वेळा खेळला, हा खेळाडूचा तपशील आणि निर्मात्याचे नाव, हे दोन्ही त्याच फाइलमध्ये मिसळतात.

९/ चौथा पर्याय: डेटाबेस. ‘ल्युट्रिस’ हा फ्रंटएंड एसक्यूलाइट वापरतो. हजारो नोंदींत शोध झटपट होतो, आणि लिहिता लिहिता वीज गेली तरी अर्धवट नोंद मागे राहू नये, अशी व्यवस्था त्यात असते. पण ती फाइल साध्या संपादकात उघडून वाचता येत नाही.

१०/ या पेचासारखाच पेच महाराष्ट्राच्या महसूल दप्तराने कागदावर सोडवलेला आहे. मुंबई इलाख्यात १९०३ साली अधिकार अभिलेखाचा कायदा झाला. आज राहाता तालुक्यातल्या लोणी वा पुणतांब्याच्या दप्तरात जमिनीची ओळख मालकाच्या नावाने होत नाही, गट नंबराने होते. नाव ही बदलणारी नोंद. गट हा तिचा आधार.

११/ एका गटात अनेक खातेदार असू शकतात आणि एका खातेदाराचे अनेक गट असू शकतात. म्हणून नमुने दोन: सातबारा जमिनीप्रमाणे, आठ-अ खातेदाराप्रमाणे. बदल आधी गाव नमुना ६मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत येतो. तो प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर त्याचा क्रमांक चढतो. जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत. त्याला कंस करतात.

१२/ खेळाच्या फाइलचा ‘गट नंबर’ कोणता? तिच्या आशयातून गणिताने काढलेला ठसा: सीआरसी-३२ किंवा एसएचए-१. फाइलचे नाव काहीही ठेवा, ठसा बदलत नाही. मात्र तो १६ बाइटचे शीर्ष धरून काढला की वगळून, हे ठरवावे लागते. कारण दोन्ही ठसे वेगळे येतात.

१३/ ‘टँक १९९०’चा ठसा ‘बॅटल सिटी’हून वेगळा येईल, आणि ते योग्यच आहे. दोन्ही एक नाहीत. एक दुसऱ्यापासून निघाला आहे. हे नाते वेगळे नोंदवायचे असते. आर्केड खेळांच्या ‘मेम’ या एम्युलेटरच्या सूचीत मूळ आणि उपप्रत असे नाते दाखवण्याची पद्धत आहेच.

१४/ तेव्हा निवड अशी करता येते. मूळ फाइलला हात लावू नये. खऱ्या नोंदी साध्या मजकुरात, ठशाला बांधून ठेवाव्यात. डेटाबेस त्या नोंदींवरून तयार करावा; बिघडला तर पुन्हा बांधावा. किती वेळा खेळलो, आवडता कोणता, हा वैयक्तिक तपशील वेगळ्या वहीत असावा. कॅसेटमधील प्रत्येक खेळाला स्वतंत्र नोंद आणि कॅसेटशी जोडणारा दुवा असावा.

१५/ यात पणाला काय लागले आहे? फ्रंटएंड आंतरजालावरील सूचींतून माहिती आपोआप आणतात, आणि सांभाळले नाही तर हाताने लिहिलेले त्याखाली पुसले जाते. ‘टँक १९९०’च्या जागी ‘बॅटल सिटी, १९८५’ आले की निर्मात्याला न्याय मिळतो, पण तो खेळ इथे कोणत्या नावाने, कोणत्या कॅसेटमधून आला, हा पुरावा नाहीसा होतो.

१६/ म्हणून दोन्ही नावे हवीत: मूळ नाव निर्मात्याच्या श्रेयासाठी, बाजारातले नाव प्रसाराच्या इतिहासासाठी. प्रत्येक नावासमोर ते कुठून मिळाले, हेही हवे. चुकीचे ठरलेले नाव खोडण्यापेक्षा त्याला कंस करावा. पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला त्या कंसातच महाराष्ट्राच्या लहान शहरांतला एक अख्खा बाजार सापडेल.