तोंडात कुंचला, पायात कुंचला

आपला बाप्पा एकदंत. महाभारत लिहिताना लेखणी मोडली, तेव्हा त्याने स्वतःचा दात मोडून लेखन चालू ठेवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हातांविना चित्रे काढणाऱ्यांचा इतिहास वाचताना मला ती वरचेवर आठवली.

अर्नुल्फ एरिख श्टेगमान हा जर्मन चित्रकार १९१२ सालचा. अगदी लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही हात निकामी झाले. दातांत कुंचला धरून तो चित्रकला शिकला आणि त्यावर पोटही भरू लागला. एकट्याचे भागले म्हणून तो थांबला नाही. १९५७ मध्ये युरोपातल्या आठ देशांतील अशा चित्रकारांना घेऊन त्याने लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशात संस्था काढली. ‘माय लेफ्ट फूट’चा लेखक क्रिस्टी ब्राउन हाही तिचा सभासद होता.

मला या संस्थेची खरी हुशारी तिच्या हिशेबात दिसते. मूळ चित्र एकदाच विकले जाते. पुढच्या महिन्याचे काय? म्हणून चित्रांवरून शुभेच्छापत्रे, कॅलेंडरे छापायची, टपालाने घरोघर पाठवून विकायची आणि त्या पैशातून शिकणाऱ्याला शिष्यवृत्ती, पूर्ण सभासदाला तहहयात मासिक मानधन द्यायचे. पुढे आजारपणाने कुंचला सुटला तरी मानधन सुटत नाही. आपल्यासारख्या पगारदार मंडळींना याचे मोल वेगळे सांगायला नको! सभासदत्व मात्र चित्राचा दर्जा पाहूनच. दया नको, काम पाहा, हा श्टेगमानचा आग्रह होता. आपल्या आनंदवनात बाबा आमट्यांनी तरी दुसरे काय सांगितले? या संस्थेची भारतातली शाखा मुंबईत आहे.

तोंडाने चित्र काढणाऱ्याचा चेहरा कागदाला जवळजवळ चिकटलेला असतो. जबडा आणि मान भरून येते, आणि पूर्ण चित्र पाहायचे तर दर वेळी मागे सरकावे लागते. पायाने काढणारा कागद जमिनीवर किंवा बुटक्या पाटावर ठेवतो. त्यानंतर फ्रेम, वाहतूक, गॅलरीचे जिने आणि घासाघीस!

आपल्या बंगळूरात जानेवारीतल्या एका रविवारी कर्नाटक चित्रकला परिषद कुमारकृपा रस्त्यावर चित्रसंते भरवते. संते म्हणजे आपला आठवडी बाजार. तिथे जिने नाहीत, चित्रकार आणि गिऱ्हाईक समोरासमोर. एका वर्षी पायाने चित्रे काढणाऱ्या एका तरुणापाशी मी रेंगाळलो होतो. एका सद्गृहस्थांनी पाचशेची नोट ठेवली, नमस्कार केला आणि चित्र न घेताच निघाले. त्या मुलाने भावाला त्यांच्यामागे पिटाळून नोट परत केली. थोड्या वेळाने एक कन्नड आजी आल्या. “एष्टु?” त्याने आठशे सांगितले. आजींनी सहाशेला मागितले, आकाशाचा निळा जरा जास्तच झालाय म्हणून नाकही मुरडले. तो हसत हसत तावातावाने भांडू लागला. सौदा सातशेवर तुटला.