सागरी निरीक्षण-संमीलन

महासागराच्या अभिसरणाचे गणिती प्रतिमान आणि प्रत्यक्ष निरीक्षणे यांचा, उभयतांतील संभाव्य त्रुटींचे प्रमाण लक्षात घेऊन, मेळ घालण्याची पद्धत. सुमारे २,००० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंतचे तापमान व क्षारता साधारणतः दर दहा दिवसांनी नोंदविणाऱ्या तरंगत्या आर्गो यंत्रांच्या नोंदी विरळ असल्यामुळे मधल्या रिकाम्या जागा प्रतिमान भरून काढते, आणि प्रतिमान वास्तवापासून ढळू लागले म्हणजे निरीक्षणे त्यास ताळ्यावर आणतात. या दुरुस्तीसाठी रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलेल्या गणिती गाळणीची रूपांतरे उपयोगात येतात. भारतात हे कार्य हैदराबाद येथील, १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘इन्कॉइस’ ही संस्था करते. मोसमी पावसाच्या ऋतुपूर्व अंदाजाचे गणित अशा रीतीने ठरविलेल्या सागरस्थितीपासून सुरू होत असल्याने, समुद्रापासून दूर असलेल्या इंदूर परिसरातील सोयाबीनच्या पेरणीशीही या पद्धतीचा संबंध पोहोचतो.